खोली क्रमांक चार वगळून

२० जानेवारी, सोमवार
पाडायच्या इमारतींची यादी आज ऑफिसच्या बोर्डावर लागली. अकरा इमारती. सातव्या नंबरला जुन्या नांदेडातली दगडी शाळा, पहिली ते चौथी. शेरा: ‘वापरास अयोग्य, पाडणे योग्य.’ तपासणी करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याची सही माझी.

ती सही डिसेंबरातली. एका दिवसात अकरा ठिकाणं उरकायची होती. शाळेत दहा मिनिटं थांबले असेन. व्हरांड्याच्या भिंतीला छतापासून खालपर्यंत भेग दिसली, फोटो काढला, फॉर्म भरला, निघाले. छतावर गेले नाही. शिडी नव्हती असं स्वतःला सांगून राहिले. खरं म्हणजे मी शिडी मागितलीच नाही.

२१ जाने.
मुख्याध्यापिका आल्या होत्या, नसरीन बाई. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. मला वाटलं भांडायला आल्यात. शांतपणे खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही सही केली म्हणजे तुम्हाला काहीतरी दिसलं असणार. मी बावीस वर्षं त्या छताखाली बसते, मला नाही दिसलं. ते मला दाखवा. खरंच धोका असेल तर आजच लेकरं बाहेर काढते.”

मी शनिवारी येते म्हणाले.

जाताना सांगून गेल्या की मुलांना ज्या शाळेत हलवणार ती मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आहे. गल्लीतल्या बायका सहा वर्षांच्या पोरीला तो रस्ता ओलांडायला पाठवणार नाहीत. मुलं दुसरीकडे जातील, मुली घरी बसतील.

२५ जाने., शनिवार
सकाळची शाळा सुटल्यावर गेले. या वेळी शिडी घेऊन.

चार खोल्या एका ओळीत, पुढं लांब व्हरांडा. काळा दगड, चुन्याची चिणाई, भिंत अडीच फूट जाड. सागाच्या तुळया, त्यांवर शहाबादी फरशी, त्यावर चुन्याचा कोबा. बाहेर जानेवारीतही दुपारचं ऊन लागत होतं आणि आत माठाजवळ बसल्यासारखं. खिडक्यांच्या वर हवेसाठी हातभर झरोके, समोरासमोर. कोणीतरी डोकं लावून बांधलेलं काम. हे सगळं डिसेंबरातही होतंच.

भेगेवरचं प्लास्टर एक फूटभर खरवडून काढलं. वरचा थर सिमेंटचा, अलीकडं कधीतरी कोणीतरी फासलेला. भेग त्या सिमेंटात. मागचा दगड आणि चुना सलग, केसभरही फट नाही. माझा विश्वास बसेना. सहा ठिकाणी खरवडलं. सहाही ठिकाणी तेच. सिमेंटनं भिंतीची ओल आत कोंडली, ती फुगली, वरचा थर तडकला. मी त्या थराचा फोटो काढून इमारत मोडीत काढली होती.

मग छतावर. खोली क्र. ४ च्या डोक्यावर सिमेंटची पाण्याची टाकी, ही पण नंतरची. झिरपते. खाली उतरून चार नंबरची तुळई पाहिली. भिंतीत जिथं टोक जातं तिथं पेचकस टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड भिजलेल्या पावासारखं.

म्हणजे चार नंबर खरंच वाईट. बाकीचं नाही.

नसरीन बाईंना दोन्ही दाखवलं. त्यांनी चौथीचा वर्ग तिथल्या तिथं व्हरांड्यात हलवला, खोलीला कुलूप. नंतर म्हणाल्या, तीस लेकरं रोज त्या तुळईखाली बसत होती, तुम्ही आला नसता तर. मला ओशाळल्यासारखं झालं. मी आलेच होते की, डिसेंबरात.

भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, तारीख घालून. भिंत हलत असेल तर काच तडकते. महिनाभर थांबायचं.

२९ जाने.
साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे आमचे उपअभियंता, मेअखेर निवृत्त होणारेत. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमच्या सहीखाली माझी सही आहे. तुम्ही चुकलात असं लिहिलं तर मीही चुकलो. चार महिने राहिलेत माझे.” चिडले नव्हते. दमलेले वाटले.



६ फेब्रु.
शाळेत काच बघायला गेले. शाबूत. नसरीन बाईंनी जुनं दाखल रजिस्टर काढून ठेवलं होतं. कापडी बांधणी, पानं पिवळी. सुरुवातीची नावं उर्दूत, उजवीकडून डावीकडं. मग एका पानावर, अर्ध्यातच, लिपी बदलते. निजामाचं राज्य गेलं तेव्हाचं पान. वरची नावं उर्दूत, खालची मराठीत, रेघ पण मारलेली नाही. अक्षराच्या वळणावरून लिहिणारा माणूस तोच वाटतो. दोन्ही लिप्यांत शेवटच्या अक्षराला तोच झोका.

दरवाज्यावरच्या दगडावर चुन्याचे कैक हात बसलेत. बाई आणि मी ओल्या फडक्यानं घासत बसलो. अक्षरं वर आली. बाईंनी बोटानं वाचलं, “मदरसा तहतानिया”. तहतानिया म्हणजे प्राथमिक. खाली निजामाच्या कारभारातला फसली सन आहे, तेराशेच्या पुढचे आकडे टवका उडून गेलेत. किती जुनी ते कळायचं राहिलंच. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, “प्राथमिक होती आणि प्राथमिकच आहे. एवढं कळलं तरी बस्स.”

१३ फेब्रु.
दोन नंबरच्या खिडकीखाली बाहेरच्या बाजूनं एक ओटा आहे. नकाशात बसत नाही. पायापासून सुटा, नंतर बांधलेला. पाणी तुंबतं तिथं. पाडावा लागेल असं टिपणात लिहिलं.

नसरीन बाई म्हणाल्या, लिहिण्याआधी समोर चला. समोरच्या घरात सोनकांबळे आजोबा राहतात, नव्वदीचे, कान शाबूत. याच शाळेत शिकले. मी ओट्याचं विचारलं. त्यांनी आधी आडनाव विचारलं, गाव विचारलं. वाघमारे, जळकोटकडची म्हटल्यावर मोकळे झाले. म्हणाले, “आपली पोरं तिथं बसायची. आत नाही. खिडकीतून फळा अर्धा दिसायचा. उरलेला ऐकून लिवायचा.”

दुसरीपर्यंत ते ओट्यावर होते. मग एक नवे मास्तर आले, त्यांनी नाव पुकारून आत घेतलं. त्या दिवशी आत बसून फळा डोळ्यांत मावेना, असं म्हणाले.

टिपणातली ओट्याची ओळ तशीच ठेवली. हात गेला नाही खोडायला, आणि पुढं लिहायलाही.

१४ फेब्रु.
बाबांना फोन. ते जळकोट तालुक्यातल्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले. ओट्याचं सांगितलं. बाबा म्हणाले, “मग पाडू दे की सगळी. तू कशाला वाचवून राहिलीस?”

मी जेवलात का विचारलं आणि फोन ठेवला.

२८ फेब्रु., शुक्रवार
महिना झाला. एक, दोन, तीन आणि व्हरांडा: काचा शाबूत. चार नंबरची तडकली. जसं वाटलं तसंच निघालं.

५ मार्च
अहवाल लिहिला. चार वेळा. पहिल्या खर्ड्यात ‘प्रथमदर्शनी पाहणीत मर्यादा होत्या’ वगैरे. वाचलं, फाडलं. शेवटी लिहिलं: ‘माझा डिसेंबरमधील अहवाल चुकीचा होता. मी छताची तपासणी केली नव्हती. खोली क्रमांक ४ वगळून इमारत दुरुस्तीयोग्य आहे.’

तीन वाक्यं. लिहायला दोन दिवस लागले.

साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि पेपरवेटखाली सरकवला.

११ मार्च
कागद अजून पेपरवेटखालीच. विचारायला गेले नाही. साहेबांची बायको आजारी असते, पेन्शनचा कागद अडकला तर काय होईल ते मला कळतं.

१७ मार्च, सोमवार
नसरीन बाईंचा फोन, साहेब शाळेत आलेत. धावत गेले. साहेब छतावर होते. सत्तावन्न वर्षांचा माणूस, गुडघ्याचं दुखणं, शिडीनं वर. टाकीच्या बाजूला उकिडवे बसून कोब्यावर नाण्यानं ठोकून आवाज ऐकत होते. खाली आले, हात झटकले, पेन मागितलं. माझ्या अहवालावर तिथंच व्हरांड्यात सही केली. वर एक शब्द: सहमत.

गाडीत बसताना म्हणाले की नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, छत बघितल्याशिवाय सही करू नकोस. मध्ये विसरायला झालं.

२ एप्रिल
कारणे दाखवा नोटीस. मला. ‘परस्परविरोधी अहवाल देऊन कार्यालयाची दिशाभूल’. साहेबांना नाही, फक्त मला. प्रोबेशनचे सात महिने बाकी आहेत.

दुपारी डबा खाल्ला नाही. साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, “खरं तेवढंच लिहा. लांबण लावू नका.” उत्तर एका पानात दिलं.

आई फोनवर रडली. इतक्या अभ्यासानं लागलेली नोकरी, म्हणाली.

१४ एप्रिल
जयंती. बाबा सकाळच्या एसटीनं नांदेडला आले, न सांगता. पुतळ्याला हार घालून झाल्यावर म्हणाले, ती शाळा दाखव.

शाळेला सुट्टी. नसरीन बाईंनी किल्ली दिली. बाबा चारही बाजूंनी फिरले. खोल्यांत गेले, फळ्यावर हात फिरवला, मास्तर माणूस. मग ओट्यावर जाऊन बसले. खिडकीतून आत बघितलं. सोनकांबळे आजोबा काठी टेकत आले, बाजूला बसले. दोघं तासभर बोलत होते. मी लांब उभी राहिले. मध्येच दोघं हसलेसुद्धा, कशावर ते कळलं नाही.

परतताना मी विचारलं, पाडायचा का ओटा. बाबा म्हणाले, आता पोरं तिथं काय करतात? म्हटलं खिचडी खातात, सगळी मिळून, सावली असते म्हणून. ते म्हणाले, “मग राहू दे, माय. पाटीबिटी लावू नका त्याला. पोरांना सांगा काय होतं ते, म्हणजे झालं.”

पाण्यासाठी बाजूनं चर काढता येतो. संध्याकाळी टिपणात दुरुस्ती केली.

२२ एप्रिल
आज आदेश आला. मधल्या काळात इंजिनिअरिंग कॉलेजचे दोन प्राध्यापक तपासून गेले होते, त्यांचं मत बहुतेक माझ्यासारखंच. आदेशात: पाडकाम तूर्त स्थगित. खोली क्र. १ ते ३ ची दुरुस्ती शाळा उघडण्यापूर्वी करावी, काम पाहून पुढील निर्णय. चार नंबरबद्दल काहीच नाही. माझ्या नोटिशीबद्दलही नाही.

नसरीन बाईंनी शिरखुर्मा पाठवला. ईद तीन आठवड्यांपूर्वी झाली, तरी.

२६ एप्रिल
चुन्याचं काम करणारा माणूस मिळेना. नांदेडातले मिस्त्री सिमेंट म्हणतात, नाहीतर जिप्सम. भोकरला एकानं नाव सांगितलं, सायलू मिस्त्री, देगलूरजवळ. आज जाऊन आले. सत्तरीपुढचा, तळहाताला जुन्या चुन्याचे डाग अजून. सिमेंट आल्यावर चुना कोणी विचारेना, म्हणाला, “मग मी सेंट्रिंगच करून राहिलो, अम्मा. वीस वर्सं झाली सुन्नमला हात न्हाई लागला.” सुन्नम म्हणजे चुना, त्यांच्या तेलुगूत.

येता का विचारलं. आत जाऊन चुना थापायची करणी घेऊन आला. पुसून ठेवलेली होती.

३० एप्रिल
शाळेच्या अंगणात हौद केला. चुना भिजत घातला. मिस्त्री म्हणतो, कमीत कमी बारा दिवस मुरू द्या. तोवर सिमेंट खरवडायचं. टाकी फोडून उतरवली. भिंती उघड्या पडल्या तसं वासच बदलला, ओल्या मातीचा, मग कोरड्या दगडाचा.

१६ मे
पहिला हात चढला. चुना, विटा कुटून केलेली सुर्खी, बेलफळाचा चीक, गुळाचं पाणी. मिस्त्री जिभेला लावून बघतो. मीही लावला, जीभ भाजली. तो आणि मजुरीला आलेल्या बायका खूप हसल्या.

१९ मे
वाईट दिवस. एक नंबरचं प्लास्टर जाळीसारखं तडकलं. बेचाळीस डिग्री, वरून वारा, ओली गोणपाटं दुपारीच वाळली. बायकांनी पाणी मारलं नाही कारण रविवारी टँकर आला नाही. ऑफिसातून कोणीतरी फोटो काढून नेला. उद्या म्हणतील, बघा चुन्याचं काम.

मिस्त्रीला वाटलं मी ओरडेन. मी भिंतीला टेकून खाली बसले. तो जवळ येऊन बसला, बिडी पेटवली नाही, नुसती धरली. मग उठला आणि स्वतःच्या हातानं सगळी भिंत खरवडायला लागला. म्हणाला, माझी चूक, रविवारी मी गावाला जायला नको होतं.

त्यानं चूक एवढ्या सहज कबूल केली की मला हेवा वाटला.

३१ मे
साहेबांचा निरोप समारंभ. नारळ, शाल. भाषणात फक्त दगडी शाळेच्या छताबद्दल बोलले, बाकीची कामं राहिली बाजूला. कोणाला काही कळलं नाही. पेन्शनचा कागद अडला नाही, विचारून घेतलं.

८ जून
तिन्ही खोल्यांचा शेवटचा हात झाला. मिस्त्री गुळगुळीत दगडानं भिंत घोटत होता. सकाळच्या उजेडात ती आतून चमकल्यासारखी. मजूर बायकांपैकी एक, यमुनाबाई, घोटायचं शिकली. मिस्त्री म्हणतो हिचा हात माझ्यापेक्षा हलका. त्यानं तिला शिरूर अनंतपाळच्या एका जुन्या वाचनालयाच्या कामावर सोबत यायला सांगितलंय. चुन्याचंच काम. फोटो बघून त्या लोकांनी विचारलं म्हणे.

१६ जून, सोमवार
शाळा उघडली. पहिलीत एकोणीस नवी मुलं, त्यांत अकरा मुली. वरच्या वर्गांतल्या काही जणी हलवायच्या भीतीनं नाव काढून घरी बसल्या होत्या, त्यांच्या आया परत घेऊन आल्या. मुलं आत शिरली. मग एकानं भिंतीला गाल लावला. मग सगळ्यांनीच. गार लागते.

चौथीचा वर्ग व्हरांड्यातच. चार नंबरला कुलूप. भोकरला एक जुनी गिरणी मोडली, तिथली सागाची तुळई मिस्त्रीनं बघून ठेवलीय. मंजुरी नाही.

खिचडीच्या वेळी नसरीन बाईंनी मुलांना ओट्याचं सांगितलं. साध्या शब्दांत, दोन मिनिटं. एका मुलीनं विचारलं, पाऊस आला की ते कुठं बसायचे? बाईंना ठाऊक नव्हतं. मुलगी खरकट्या हातानं समोर आजोबांना विचारायला पळाली.

२४ जून, मंगळवार
वरून पत्र. नोटिशीचं नाही. शाळेच्या फाईलवर शंका काढलीय: ‘दुरुस्तीनंतर इमारत किती वर्षे टिकेल, हे अभियंत्याने स्वाक्षरीने स्पष्ट करावे.’ उत्तर गेल्याशिवाय चार नंबरची मंजुरी नाही, आणि पाडायच्या यादीतून नावही निघणार नाही.

मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, “दरसाल वर जाऊन छत झाडणारं, बघणारं माणूस पायजे, अम्मा. ते असंल तर किती टिकंल ते माझ्या नातवालाबी इचारू नका.” ऑफिसला असं उत्तर चालत नाही, आकडा लागतो.

नवे साहेब म्हणाले, पंधरा टाका, सेफ आहे. पंधरा का, तर कोणी विचारत नाही म्हणून.

२५ जून
सकाळी शाळेत गेले. छतावर चढले, सगळं पुन्हा बघितलं. खाली पहिलीचे पाढे चालू होते. दोन नंबरमध्ये बसून उत्तर लिहिलं. आकडा तीस. हिशेब चार पानं जोडला, कॉलेजच्या तपासणीचे आकडे त्यात. खाली अट घातली: दरवर्षी मे महिन्यात छत, पन्हाळी आणि तुळयांची टोकं अभियंत्यानं स्वतः वर जाऊन पाहावीत. त्यासाठी तक्ता आखला, तीस ओळींचा. वर्ष, काय दिसलं, कोणी पाहिलं.

या वर्षाची ओळ भरली. नाव लिहिलं, सही केली. पुढच्या मेमध्ये मी या नोकरीत असेन का, माहीत नाही. चार नंबर उघडेल का, तेही नाही.

एकोणतीस ओळी कोऱ्या आहेत. कागद घेऊन ऑफिसला निघाले आहे.